दार लावल्यावर फ्रीजचा दिवा खरंच विझतो का? इंदूरच्या घरांसाठी प्रश्नोत्तरं

हा प्रश्न गंमतीचा आहे की कामाचा?

दोन्ही. दार लावल्यावर आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून घरातली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात आणि मोठी माणसं हसून सोडून देतात. पण दिवा आत पेटताच राहिला तर तो चोवीस तास उष्णता सोडतो, तीही नेमकी ज्या डब्यातून उष्णता बाहेर काढायला आपण पैसे मोजतो त्या डब्यात. काही फ्रीजमध्ये तर याच बिघाडामुळे आतला पंखा बंद पडतो आणि खालचा कप्पा गारच होत नाही. मेमधल्या बेचाळीस डिग्रीत अशा फ्रीजमधलं दूध संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री देता येत नाही.

दिवा विझवतं कोण?

दाराच्या चौकटीत बसवलेलं छोटं प्लास्टिकचं बटण. कुणी त्याला खटका म्हणतं, मिस्त्री ‘डोअर स्विच’ म्हणतात. हे बटण आपल्या खोलीतल्या बटणापेक्षा उलटं चालतं. दाबलं की दिवा बंद, सोडलं की चालू. आतली स्प्रिंग बटण बाहेर ढकलत असते, दार लागलं की दाराचा आतला भाग ते आत दाबतो.

नव्या, विशेषतः एलईडी पट्ट्यांच्या फ्रीजमध्ये असं बटण दिसणार नाही. तिथे दारात एक छोटं चुंबक आणि चौकटीच्या किंवा वरच्या झाकणाच्या मागे चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. बटण सापडत नाही म्हणजे ते तुटून पडलं, असं समजू नका.

बोटाने बटण दाबलं, दिवा विझला. झालं ना तपासून?

अर्धंच. बटण चांगलं आहे एवढं त्यातून कळलं. दार त्या बटणापर्यंत नीट पोचतं का, ते कळलं नाही. बोट बटण पूर्ण आत दाबतं. लोंबलेलं दार किंवा झिजलेली पट्टी ते कदाचित अर्धंच दाबत असेल. बहुतेक लोक इथे थांबतात आणि फसतात. बोटाची चाचणी पहिली करा, कारण ती फुकट आणि दहा सेकंदांची आहे. पण खरी चाचणी दार बंद ठेवूनच होते.

मग दार बंद ठेवून आत बघायचं कसं?

मोबाइलवर व्हिडिओ काढा. याच्याइतका सोपा आणि खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

फ्लॅश बंद ठेवा आणि स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, नाहीतर स्क्रीनच्याच उजेडाने आत धूसर दिसेल आणि दिवा चालू असल्याचा भास होईल. रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल मधल्या जाळीवर एखाद्या स्टीलच्या डब्याला टेकवून उभा ठेवा. कॅमेऱ्यात दिवा आणि दाराची कड, दोन्ही यायला हवीत. दार नेहमीसारखं लावा. मुद्दाम हळू किंवा जोरात नको, कारण आपल्याला रोजचं लावणं तपासायचं आहे. तीस सेकंदांनी दार उघडून व्हिडिओ बघा.

दार लागता लागता चित्र एकदम काळं झालं तर सगळं ठीक. चित्र उजळच राहिलं तर दिवा विझत नाही. दार लागलं, क्षणभर अंधार झाला आणि पुन्हा उजेड आला, तर दार लागून किंचित मागे येतंय. रबर नीट चिकटत नाही किंवा दारातल्या बाटल्या आतल्या जाळीला अडतायत. हा तिसरा प्रकार बोटाच्या चाचणीत कधीच सापडत नाही.

मोबाइलला थंडीचा त्रास होईल का?

अर्ध्या मिनिटात काही होत नाही. पावसाळ्यात मात्र गार झालेल्या मोबाइलवर बाहेर काढल्याबरोबर दमट हवेचं पाणी साचतं. पुसून घ्या आणि काही वेळ चार्जिंगला लावू नका. फ्रीझरमध्ये ठेवायचं तर कारणच नाही, कारण बहुतेक फ्रीजमध्ये तिथे दिवा नसतो.

मोबाइलशिवाय तपासता येतं का?

जुना, तारेचा काचेचा बल्ब असेल तर येतं. फ्रीज दोन तास अजिबात उघडू नका. मग झटकन दार उघडा आणि लगेच बल्बच्या प्लास्टिकच्या कव्हरला हात लावा. तो आतापर्यंत विझलेला असेल तर कव्हर आजूबाजूइतकंच गार लागेल. कोमट किंवा गरम लागलं तर दिवा पेटताच होता. कव्हर नसेल तर उघड्या काचेला बोट टेकवू नका. नुसता जवळ न्या, ऊब कळते. पेटत्या बल्बचा चटका चांगला बसतो.

कव्हर पिवळं किंवा तपकिरी पडलेलं असणं हीसुद्धा खूण आहे. दिवसातून पंधरा-वीस मिनिटं पेटणारा बल्ब प्लास्टिकला सहसा इतकं भाजत नाही. बल्बशेजारी ठेवलेलं लोणी कायम मऊ आणि दोन जाळ्या खालचं घट्ट, हीही तशीच खूण. एलईडीला मात्र यातलं काहीच लागू नाही, तो फारसा तापतच नाही.

अंधाऱ्या स्वयंपाकघरात दार हळूहळू लोटत फटीतून बघण्याची पद्धतही लोक वापरतात. दिवा कुठल्या क्षणी विझतो हे त्यातून कळतं, पण पूर्ण बंद दारामागे काय आहे ते नाही.

विजेच्या मीटरवरून कळेल का?

१५ वॉटचा बल्ब असेल तर कळेल, आणि ही चाचणी फार समाधान देते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते मीटरवरच छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३२०० असतो. तुमच्या मीटरचा आकडा आधी वाचा.

घरातलं सगळं बंद करा. राउटर, मोबाइलचे चार्जर, सेटटॉप बॉक्स, दाराची बेल, पाण्याचा फिल्टर, सगळ्यांचे प्लग काढा. फक्त फ्रीज राहू द्या आणि त्याच्या थर्मोस्टॅटचा नॉब शून्यावर किंवा ‘ऑफ’वर आणा. साध्या एकदारी फ्रीजमध्ये नॉब बंद असला तरी बहुधा दिव्याची लाइन चालू राहते. दार उघडून खात्री करा. स्टॅबिलायझर असेल तर तो स्वतः काही वॉट खातो, म्हणून तो बाजूला काढून फ्रीज थोडा वेळ थेट लावा. आता दार लावा आणि मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहा.

३२०० च्या मीटरवर १५ वॉटचा बल्ब तासाला ४८ वेळा, म्हणजे दर ७५ सेकंदांनी एकदा लुकलुक करवतो. ठरावीक अंतराने अशी लुकलुक दिसली तर आत दिवा जळतोय. पाच मिनिटांत एकदाही दिसली नाही तर विझलेला आहे. दोन वॉटच्या एलईडीसाठी ही खटपट करू नका, एवढ्या लहान भाराची मीटर बहुधा दखलही घेत नाही. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या फ्रीजमध्येही हिशेब चुकतो, कारण बोर्ड स्वतः थोडी वीज घेत राहतो.

काम झाल्यावर नॉब जागेवर आणायला विसरू नका. हे हमखास राहतं.

चोवीस तास पेटला तर बिलात किती फरक पडतो?

१५ वॉट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ०.३६ युनिट, महिन्याला १०.८. पण तेवढ्यावर भागत नाही. बल्बने सोडलेली सगळी उष्णता कॉम्प्रेसरला बाहेर काढावी लागते आणि त्यासाठी साधारण निम्मी ते दोन तृतीयांश वीज आणखी लागते. म्हणजे महिन्याला सोळा ते अठरा युनिट. युनिटला सात रुपये धरले तर सव्वाशेच्या आसपास.

रक्कम लहान वाटेल. पण फ्रीजच्या दारावरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचा खप छापलेला असतो, तो वाचा. एकटा बल्बच वर्षाला १३१ युनिट खातो. लहान एकदारी फ्रीजच्या लेबलवरच्या आकड्याशेजारी हा मांडून बघा, म्हणजे प्रमाण ध्यानात येईल. त्यात कॉम्प्रेसर मधेमधे आपोआप बंद न होता चालत राहतो, त्याची झीज वेगळी.

दोन वॉटच्या एलईडीचा हिशेब महिन्याला दीड ते अडीच युनिट. तिथे बिलासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही; पंख्यासाठी मात्र आहे.

पंख्याचा काय संबंध?

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ न साचणाऱ्या दोनदारी फ्रीजमध्ये गारवा वर फ्रीझरमागे तयार होतो आणि पंखा तो खाली ढकलतो. दार उघडल्यावर गार हवा बाहेर उडू नये म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये दाराचा खटकाच पंखा थांबवतो. एकाच खटक्यात दोन कामं: दार उघडं तर दिवा चालू, पंखा बंद, दार लागलं तर उलट.

आता हा खटका ‘दार उघडं’ या स्थितीत अडकला तर काय होईल बघा. दिवा पेटता राहील आणि पंखा फिरणारच नाही. फ्रीझरमध्ये बर्फ नीट होतोय, खाली मात्र भाजी कोमेजतेय, आमरस आंबतोय. अशी तक्रार आली की गॅस कमी झाला असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि गॅस भरण्याचा मोठा खर्च होतो. गॅस भरून घेण्याआधी व्हिडिओची चाचणी करा.

पंखा तपासायला खालचं दार उघडून खटका बोटाने दाबून धरा आणि कान द्या. वरच्या दाराला वेगळा खटका असेल तर ते दार लावलेलंच असू द्या. कॉम्प्रेसर चालू असताना काही सेकंदांत वाऱ्याचा आवाज यायला हवा. आला नाही तर लगेच पंखा जळाला म्हणू नका. फ्रीज त्यावेळी आतलं बर्फ वितळवत असेल तर पंखा मुद्दामच थांबलेला असतो. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघा.

दिवा विझत नाही हे नक्की झालं. कुठून सुरुवात करू?

प्लग काढण्यापासून. नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग बाहेर.

सगळ्यात जास्त वेळा दोष असतो चिकटपणाचा. श्रीखंडाचा ओघळ, साखरेचा पाक, लोणच्याचं तेल खटक्याच्या भोकात उतरतं, थंडीत घट्ट होतं आणि बटण आतच अडकतं किंवा अर्धवट बाहेर येतं. आत अडकलं तर दिवा लागतच नाही, बाहेर अडकलं तर विझत नाही. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून कानात घालायच्या कापसाच्या काडीने कडा पुसा, बटण वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा, पुन्हा पुसा, अर्धा तास वाळू द्या. खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका. दोन दिवस छान चालतं, मग त्याच तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट होतं.

त्यानंतर दार. इंदुरात उन्हाळा लागला की नर्मदेच्या पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या दाराच्या खालच्या कप्प्यात ओळीने उभ्या राहतात. चार बाटल्या म्हणजे आठ किलो, तेही बिजागरीपासून लांब. दार लोंबतं, वरच्या बिजागरीची प्लास्टिकची बुशिंग झिजते आणि खटक्यासमोर येणारा दाराचा भाग दोन-तीन मिलिमीटर सरकतो. तेवढं पुरतं. बाटल्या काढून पुन्हा व्हिडिओ घ्या. आता दिवा विझला तर खटका बदलू नका, बिजागरी दुरुस्त करा आणि बाटल्या आतल्या जाळीवर हलवा.

फ्रीज पुढे झुकलेला असेल तरी दार पूर्ण लागत नाही. पुढचे पाय फिरवून पुढची बाजू मागच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच करा. दार थोडं उघडं सोडल्यावर आपोआप लागलं पाहिजे. लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या फ्रीजमध्ये हे पाय कुणी कधी जुळवलेलेच नसतात.

नुकतंच रबर बदललं असेल तर संशय तिथेच घ्या. दुसऱ्या मॉडेलचं जाड रबर बसवलं की दार खटक्यापासून लांब राहतं.

खटका खराब झालाय हे पक्कं कसं ठरवायचं?

प्लग काढून, चपट्या पेचकसाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खटका एका कडेने हलकेच उचकटा. जोर केला तर आतलं पांढरं प्लास्टिक तडकतं आणि ते बदलता येत नाही. तारा काढण्याआधी फोटो घ्या. नुसत्या दिव्याचा खटका असेल तर दोन तारा, पंख्यासह असेल तर तीन किंवा चार. तारा सोडल्या की त्या आत घसरू नयेत म्हणून चिमटा लावून ठेवा.

मल्टिमीटर (तारांची जोडणी तपासायचं छोटं यंत्र) बीपवर ठेवून दिव्याच्या दोन टोकांना लावा. बटण बाहेर असताना बीप, दाबल्यावर शांतता, तर खटका चांगला. दाबूनही बीप चालूच राहिली तर आतले संपर्क एकमेकांना चिकटलेत. असा खटका साफ करून सुधारत नाही, बदला. पंख्याच्या टोकांवर बरोबर उलटं दिसायला हवं.

सुटा भाग महाराणी रोडला किंवा सियागंजात शोधताना जुना खटका सोबत न्या. फ्रीजच्या कंपनीचं नाव सांगून भागत नाही. बटणाची लांबी, भोकाचा आकार आणि तारांची संख्या, तिन्ही जुळायला हवं. बटण दोन मिलिमीटर आखूड निघालं तर तुम्ही पुन्हा पहिल्याच प्रश्नावर आलात.

चुंबकवाल्या फ्रीजमध्ये काय तपासायचं?

दार उघडं ठेवून जुन्या स्पीकरचं किंवा तसलं एखादं जोरदार चुंबक चौकटीच्या वरच्या कडेवरून आणि बिजागरीच्या झाकणाजवळून हळूहळू फिरवा. एका जागी दिवा विझला तर सेन्सर ठीक. दारातलं चुंबक निसटलंय किंवा दार लांब राहतंय. कुठेच विझला नाही तर सेन्सर किंवा बोर्ड, आणि ते काम घरी करण्याचं नाही. काही फ्रीज दार बराच वेळ उघडं राहिलं तर दिवा स्वतःच विझवतात, म्हणून प्रत्येक वेळी दार लावून-उघडून नव्याने सुरुवात करा.

व्हिडिओत पूर्ण अंधार नाही, एलईडी बल्ब मंद चमकतो किंवा मधूनच लुकलुकतो. का?

जुन्या होल्डरमध्ये एलईडी बल्ब लावल्यावर हे दिसतं. दोष बहुधा फ्रीजचा नसून भिंतीतल्या बोर्डाचा असतो. खटक्याने फेजची, म्हणजे वीज आणणारी तार तोडायला हवी. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर तो न्यूट्रल, म्हणजे परतीची तार तोडतो आणि बल्बपर्यंत फेज येऊन थांबलेला राहतो. तारांच्या लांबीतून झिरपणारा अगदी बारीक प्रवाह एलईडीला मंद पेटवायला पुरतो. तारेच्या बल्बला तो पुरत नाही, म्हणून आधी कधी दिसलं नव्हतं.

रामबाग-राजवाड्याकडच्या जुन्या घरांत, जिथे वायरिंग तीन पिढ्यांनी तुकड्यातुकड्याने वाढवलंय, हे आधी तपासावं. सॉकेटकडे तोंड करून, अर्थचं मोठं भोक वर असताना, टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे. डावीकडे पेटला तर वायरमनकडून तारा बदलून घ्या. विजेचा खर्च नगण्य आहे, पण अशा जोडणीत दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो.

बल्ब कुठला लावायचा?

बहुतेक जुन्या फ्रीजमध्ये ई-१४ म्हणजे बारीक पेचाचा, १५ वॉटचा लागतो. कव्हरच्या आत किंवा होल्डरजवळ कमाल वॉट लिहिलेले असतात. जास्त उजेडासाठी ४० वॉटचा लावू नका, कव्हर वितळतं. त्याच पेचाचा दोन वॉटचा एलईडी उत्तम. दिवा विझण्यात कधी बिघाड झालाच तरी नुकसान थोडं.

दिवा विझतो, म्हणजे दार घट्ट लागलं असं धरायचं का?

नाही. खटका बिजागरीच्या बाजूला असेल तर हँडलकडे चांगली बोटभर फट असतानाही दिवा विझतो. दार घट्ट लागतं का ते कागदाने तपासा: कागदाची पट्टी रबरात अडकवून दार लावा आणि ओढा. चारी बाजूंनी किंचित अडून निघायला हवी. रात्री स्वयंपाकघरात अंधार करून, मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवून दार बंद केलं तर रबराच्या भेगांतून उजेड झिरपताना दिसतो. दिव्याच्या चाचणीचीच ही उलटी बाजू.

मुलं म्हणतात, आत बसून बघतो.

अजिबात नाही, रिकाम्या फ्रीजमध्येही नाही. पूर्वीच्या फ्रीजना बाहेरून अडकणारी कडी असायची आणि आत अडकून मुलं दगावत. अमेरिकेत १९५६ साली यासाठी कायदा झाला आणि आतून ढकलून उघडेल असं दार सक्तीचं झालं. आज चुंबकी रबर असलं तरी ते हवा आत येऊ देत नाही आणि लहान मूल घाबरून जोर लावू शकेलच असं नाही. गच्चीवर किंवा जिन्याखाली भंगारात ठेवलेल्या जुन्या फ्रीजचं दार काढूनच ठेवा.

मिस्त्रीला फोनवर काय सांगू?

‘फ्रीज गार करत नाही’ एवढंच सांगू नका. सांगा: दार बंद असताना दिवा चालू राहतो, व्हिडिओ आहे, बोटाने दाबल्यावर विझतो किंवा विझत नाही, पंखा फिरतो किंवा नाही, मॉडेल नंबर अमुक. मॉडेल नंबर आत भाजीच्या कप्प्याजवळच्या किंवा मागच्या स्टिकरवर असतो. एवढं ऐकल्यावर तो योग्य भाग घेऊन येईल.

खटका मिळायला दोन-तीन दिवस लागणार. तोवर?

साधा एकदारी फ्रीज असेल तर प्लग काढा, बल्ब गार होऊ द्या, काढून ठेवा आणि कव्हर परत लावा म्हणजे रिकाम्या होल्डरला कुणाचा हात लागणार नाही. प्लग पुन्हा लावण्याआधी पाच मिनिटं थांबा. लगेच लावला तर कॉम्प्रेसर सुरू होताना अडतो.

पंखा खटक्यावर असलेल्या फ्रीजमध्ये बल्ब काढून उपयोग नाही, पंखा बंदच राहील. तिथे खटका आत दाबून त्यावर चिकटपट्टी लावा. दिवा लागणार नाही, पंखा फिरत राहील. दार उघडल्यावर गार वारा बाहेर येईल, तेव्हा काय काढायचं ते आधी ठरवून दार उघडा. संपर्क आतून चिकटलेले असतील तर ही पट्टीही चालणार नाही. मग दूध-दही फ्रीझरजवळच्या वरच्या जाळीवर हलवा आणि मिस्त्रीला तारीख पुढे ढकलू देऊ नका.